कथलाचा थेंब

“सोमवारी दुपारी ह्यांनी काय खाल्लं?” डॉक्टरांनी विचारलं. वृंदानं तोंड उघडायच्या आत मी बोलले.

“सगळ्यांनी खाल्लं तेच. घरचंच.”

“म्हणजे काय काय?”

“वरणभात, फणस, ताक. एकाच डब्यातला फणस होता. माझा मुलगा जेवला, ही सून जेवली, शेडवरच्या सहा बाया जेवल्या. सगळी ठणठणीत आहेत. हिलाच विचारा.”

डॉक्टरांनी वृंदाकडे बघितलं. तिनं मान हलवली. ह्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

कॉटवर माझी विहीण पडली होती. कुमुदताई. वृंदाची आई. तीस वर्षं शाळेत मास्तरीण, शेवटची सात वर्षं हेडबाई. मुलांना दरडावून दरडावून आवाज असा झाला होता की साधं “चहात साखर कमी आहे” म्हणाल्या तरी समोरच्यानं छडी खायला हात पुढे करावा. मंगळवारी संध्याकाळी त्या म्हणाल्या, “मला समईच्या दोन ज्योती दिसतायत.” मी म्हटलं, “चष्मा बदला आता, वय झालं.” बुधवारी सकाळी चहा गिळेना, नाकातून बाहेर आला. आवाज घोगरा, मग नुसता नाकातला, मग बंद. पापण्या खाली आल्या, कोणी बोटानं ओढून मिटवल्यासारख्या. दिगूनं, माझ्या मुलानं, जीपमध्ये घातलं आणि तालुक्याच्या गावी डॉक्टर आजगावकरांच्या दवाखान्यात आणलं. आज गुरुवार उजाडला होता आणि त्यांचा हातही उचलत नव्हता.

“ताप नाही, उलटी नाही, जुलाब नाहीत,” डॉक्टर म्हणाले. “म्हणून अन्नाचं वाटत नाही. मेंदूच्या तळाशी झटका आलाय असं दिसतं. श्वास उथळ होत चाललाय. श्वासाचं मशीन माझ्याकडे नाही. गोव्याला न्यावं लागेल, अडीच तासांचा रस्ता. आणि खरं सांगू का, असा झटका ह्या वयात आला तर मशीनवरून माणूस परत उतरत नाही. हाल मात्र होतात. तुम्ही घरच्यांनी ठरवा.”

“माझा भाऊ पुण्याहून निघालाय,” वृंदा म्हणाली. “चारपर्यंत येईल.”

“मग तो आला की ठरवा. घरी न्यायचं असेल तर मी अडवणार नाही.”

घरी न्यायचं म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. डॉक्टर गेले. वृंदा कॉटच्या कडेला बसली आणि आईच्या हातावरून हात फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “आई, तो फणसाचा डबा…”

“काय डबा?”

“नाही, म्हणजे चैत्रात मी म्हटलं होतं ना…”

“तू खाल्लास ना त्याच डब्यातला? तुला काय झालं?” मी म्हटलं. “आईला बरं नाही तर सासूच्या हातावर आणायचं? डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकलंस ना? का त्यांच्यापेक्षा तुला जास्त कळतं?”

दिगू म्हणाला, “आई, आता नको.” आणि तिला घेऊन फोन लावायला खाली गेला.

आता चैत्रातलं सांगते, म्हणजे कळेल.

मी दुसरीत शाळा सोडली. चौदाव्या वर्षी आंब्याच्या कारखान्यात साली काढायला जात होते. तिथल्या मुकादमाच्या हाताकडे बघून बघून सगळं शिकले आणि नवरा गेल्यावर घरामागे पत्र्याची शेड घातली. लोक आपले आंबे आणायचे, मी रस काढून कढवायचे, गरम गरम डब्यात भरायचे, झाकण हातमशीननं दाबून बसवायचे आणि डबे पाऊण तास उकळत्या पाण्याच्या पिंपात ठेवायचे. पंचवीस वर्षं. मुंबईपासून दुबईपर्यंत माझा रस गेला, कोणाचं पोट दुखलं म्हणून एक पत्र आलं नाही. माझ्या डब्यावर कागद चिकटवायची मला गरज वाटली नाही. लोक म्हणायचे, “द्वारकाकाकीचा डबा ना? मग उघडा.”

त्या वर्षी मनात आलं, आंबा येईपर्यंत शेड रिकामी कशाला ठेवायची? कोवळा फणस भरू. मुंबईच्या माणसाला फणस चिरता येत नाही, हाताला चीक लागतो म्हणून रडतो. तर मीच चिरून, उकडून, मिठाच्या पाण्यात घालून देते. डबा उघडा, पाणी ओता, दही कालवा, वरून फोडणी द्या, की झालं भरीत. चूलसुद्धा पेटवायला नको. हे मी सगळ्यांना हौसेनं सांगायचे.

वृंदा सायन्स शिकलेली. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. पिंपाजवळ उभी राहून म्हणाली, “आई, आंब्याला पाऊण तास चालतो कारण आंबा आंबट. फणस अळणी. ह्याला नुसती उकळ पुरत नाही, दाबाचं भांडं लागतं. शिट्टीच्या कुकरासारखं, मोठं.”

सहा बाया ऐकत होत्या. मी म्हटलं, “मीठ घातलंय ते दिसलं नाही का? तुझ्या पुस्तकवाल्याला एकदा माझ्या पिंपात बुडवून आण, अळणी आहे की आंबट ते बघू.” बाया खो खो हसल्या. वृंदा हसली नाही. पुन्हा तो विषयही तिनं काढला नाही.

श्रावणात कुमुदताई आठ दिवस राहायला आल्या. आल्या आल्या शेडमध्ये शिरल्या, फडताळातला एक डबा उचलला, चष्मा लावला आणि डबा चहूबाजूंनी फिरवून बघितला.

“द्वारकाबाई, ह्यावर तारीख कुठेय?”

“कसली?”

“कधी भरला, कधीपर्यंत खायचा. गिऱ्हाइकाला कळायला नको?”

“गिऱ्हाइकाला मी कळते,” मी म्हटलं. “तारखा शाळेत असतात.”

“शाळेत गेलेल्यांना त्यांचं महत्त्व कळतं,” त्या म्हणाल्या आणि डबा जागेवर ठेवला. शेवंती, माझ्याकडे सगळ्यात जुनी बाई, पदरात तोंड घालून हसली. माझ्याच शेडमध्ये, माझीच बाई.

सोमवारी मी मुद्दाम फणस काढला. मला उपास होता. बाकीच्यांना तेलावर परतून झणझणीत भाजी केली. कुमुदताईंना तिखट सोसत नव्हतं, जळजळ व्हायची, म्हणून त्यांच्यापुरतं वाटीभर भरीत दह्यात कालवलं. “घ्या,” म्हटलं, “तारीख नाही, चव आहे.” त्यांनी वाटी पुसून खाल्ली. म्हणाल्या, “चव आहे, हे कबूल.”

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नुसता फणस सांगितला. भरीत सांगितलं नाही.

खोलीत आम्ही दोघीच उरलो. कुमुदताईंचा श्वास बारीक, वरवरचा. तोंड कोरडं पडून ओठ चिकटले होते. मी ओल्या फडक्यानं पुसले. पापण्या बंद. हाक मारली, काही नाही. माणूस गेल्यातच जमा, अशा माणसाशी बोलायला कसली भीती?

“कुमुदताई,” मी म्हटलं, “तो डबा चांगला नव्हता.”

एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना.

“आषाढात फणसाचे चार डबे फुगले. शेवंती घेऊन आली. म्हणाली, ‘काकी, डबो फुगलो हा.’ आंब्याचा डबा कधी फुगला की आम्ही काय करतो, दाभणानं झाकणाला टोचतो. आतला वारा फसकन निघून जातो. मग परत उकळायचा आणि भोकावर वितळवलेल्या कथलाचा थेंब लावून बुजवायचा. मुकादम करायचा, मी करते. तसंच ह्यांना केलं. वास घेतला, काही वाईट नव्हता. असले डबे मी गिऱ्हाइकाला देत नाही हो, देवाशपथ देत नाही. घरात वापरते. पण सोमवारी फडताळात चाळीस चांगले डबे होते. चाळीस. आणि मी कथलाचा काढला. भाजीला म्हणून नाही काढला. तुमच्यासाठी काढला. चष्मा लावून माझा डबा तपासणाऱ्या बाईला चांगला कशाला घालवू, असं मनात आलं. तेवढंच. ते विष असेल हे माहीत नव्हतं. अजूनही नाही माहीत. पण ते भरीत तुम्ही एकटीनंच खाल्लंत.”

त्या तशाच पडून होत्या. मी त्यांची चादर सारखी केली आणि उठले. डॉक्टरांना सांगायचं म्हणूनच उठले होते.

डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर सात-आठ माणसं बसली होती. त्यातली दोन आमच्या वाडीची. एकीनं विचारलं, “काकी, विहीणबाई कशा आहेत?” मी म्हटलं, “झटका आलाय.” ती म्हणाली, “अरेरे. तुमच्याकडे पाहुण्या म्हणून आल्या आणि…” मी म्हटलं, “देवाची इच्छा.” आणि पाणी प्यायला आलेय असं दाखवून परत फिरले.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा दार उघडं होतं. डॉक्टर एका मुलाचा घसा बघत होते. मी उंबऱ्यात उभी राहिले. ते म्हणाले, “काय, आजी?” मी म्हटलं, “काही नाही. त्यांना पाणी पाजू का?” ते म्हणाले, “अजिबात नको, फुप्फुसात जाईल.” मी म्हटलं, “बरं.”

दुपारी शेवंती डबा घेऊन आली. भाकरी, पिठलं. कोणी जेवलं नाही. तिनं मला जिन्याखाली ओढलं.

“काकी, सोमवारी काढलास तो डबो थेंबाचो होतो?”

“तुका कोणी सांगितल्यान?”

“रिकामो डबो मी धुतलंय. झाकणावर थेंब होतो. काकी, डाक्टराक सांगूया.”

“काय सांगायचा? तू खाल्लंस तुका काय झाला?”

“मी भाजी खाल्लंय. बाईनी भरीत खाल्लेनी.”

शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बाईला ते दिसलं होतं. मी तिचा दंड धरला. “शेवंती, तोंड उघडलंस तर शेडचा दार तुका बंद. आणि शेडच ऱ्हवली नाय तर सगळ्यांकाच बंद. सहा घरां आसत. समाजला?”

ती माझ्याकडे बघत राहिली. वीस वर्षांत तिनं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मग पिठल्याचा डबा बाकावर ठेवून तशीच एसटी स्टँडकडे गेली.

सहा घरांचं मी तिला सांगितलं खरं. पण मला सहा घरांची काळजी नव्हती.

वृंदा दर थोड्या वेळानं आईच्या छातीवर हात ठेवून बघायची. एकदा माझा हात धरून म्हणाली, “आई, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाहीत. थोडं खा.” मी हात सोडवून घेतला. तिला वाटलं, मला दुःख झालंय.

चार वाजून गेल्यावर वृंदाचा भाऊ सुहास आला. घामानं भिजलेला, पहाटेपासून प्रवास केलेला. आईकडे बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसला. डॉक्टरांनी त्यालाही सगळं सांगितलं. तो म्हणाला, “तिनं मला आधीच सांगून ठेवलंय. नळ्या घालून ठेवायचं नाही. घरी नेऊ या. तिच्या स्वतःच्या घरी.”

वृंदानं डोळ्यांना पदर लावला आणि मान हलवली. दिगू जीप आणायला गेला. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आली.

डॉक्टर कागदावर लिहायचं म्हणून शेवटचं एकदा तपासत होते. पापणी वर केली, बॅटरी मारली. पुन्हा मारली. कपाळाला आठी पडली. मग ते पायांकडे गेले, तळव्याला किल्ली घासली, थांबले. वाकून त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणाले, “बाई, मी बोलतोय ते ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलवा.”

उजव्या पायाचा अंगठा हलला.

“दोनदा हलवा.”

अंगठा दोनदा हलला. सावकाश, पण नीट मोजून दोनदा.

“आई!” वृंदा किंचाळली.

“ह्या शुद्धीत आहेत,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. “पूर्ण शुद्धीत. पहिल्यापासून असणार. सगळं ऐकतायत. हा झटका नव्हे. लुळेपणा वरून खाली येतोय, डोळे, घसा, हात… पुन्हा सांगा मला, ह्यांनी सोमवारी काय खाल्लं? ह्यांनी एकट्यांनी. इतरांनी खाल्लं नाही असं काही?”



“भरीत,” मी म्हटलं. “डब्यातल्या फणसाचं. न शिजवता.”

सगळे माझ्याकडे वळले.

“डबा फुगलेला होता. मी टोचून वारा काढला, परत उकळला आणि बुजवला. बाकीच्यांनी त्यातली भाजी खाल्ली. तेलावर परतलेली.”

मी वृंदाकडे बघितलं नाही. सुहास उठून उभा राहिला आणि म्हणाला, “काय?” एवढंच.

डॉक्टरांनी कोणाला रागवायलासुद्धा वेळ घेतला नाही. “सिस्टर, श्वासाची पिशवी आणा. रुग्णवाहिका. गोव्याला फोन लावा, मशीन तयार ठेवा म्हणावं.” मग मला म्हणाले, “बाई, हे विष शिजवलं की मरतं, म्हणून बाकीचे वाचले. पण ते तयार करणाऱ्या जंतूचं बी नुसत्या उकळीनं मरत नाही. बंद डब्यात, आंबटपणा नसला की ते पुन्हा वाढतं. वास येतोच असं नाही, चव बदलतेच असं नाही. आंब्याला तुम्ही पंचवीस वर्षं करताय ते चाललं ते आंब्यामुळे, तुमच्यामुळे नव्हे.” आणि एक वाक्य ते जाता जाता बोलले, बहुतेक स्वतःशीच. “सकाळी कळलं असतं तर.”

रुग्णवाहिकेत मी चढले. कोणी चढ म्हटलं नाही, कोणी उतर म्हटलं नाही. कुमुदताईंच्या तोंडावर रबरी मुखवटा आणि त्याला जोडलेली पिशवी. ती दाबली की छाती वर यायची, सोडली की खाली. गोव्याच्या हद्दीवरचं बांदा गाव यायच्या आत सिस्टरच्या हाताला पेटके आले. डॉक्टर सलाइन धरून होते. मी म्हटलं, “इकडे द्या.”

“जमेल?” डॉक्टर म्हणाले. “लय चुकता कामा नये. एक, दोन, दाबा. तीन, चार, सोडा.”

“आयुष्यभर आंबे पिळलेत,” मी म्हटलं.

पुढचा सगळा रस्ता मी पिशवी दाबली. घाटवळणांवर दोन्ही गुडघे कॉटच्या दांड्यात अडकवून दाबली. वृंदा समोर बसली होती. तिचे डोळे माझ्या हातांवर होते, चेहऱ्यावर एकदाही आले नाहीत. एकदा गाडी खड्ड्यात आदळली आणि माझा हात निसटला. छाती खाली गेली ती वर येईना. “दाबा!” डॉक्टर ओरडले. मी दाबली. मनात एकच चाललं होतं, कुमुदताई, इथं नको, माझ्या हातात नको. तेव्हासुद्धा माझंच. तिला जगव असं नाही म्हटलं देवाला. माझ्या हातात नको म्हटलं.

त्या वाचल्या. मुंबईहून काय ते औषध दोन दिवसांनी आलं, उशिरा आलं, पण मशीननं धरून ठेवलं. पाच आठवडे गळ्यात नळी. मग एकेक बोट, एकेक पापणी परत आली. मी मधल्या काळात फणसाचा एकूण एक डबा परत मागवला. पत्रं वृंदानं लिहिली, खाली अंगठा नाही, सही मी केली. परत आलेले आणि घरातले सगळे डबे खड्डा खणून चुन्यात पुरले. फणस पुन्हा भरला नाही. कथलाची कांडी विहिरीत टाकली.

आणि गाव काय म्हणालं? गाव म्हणालं, “अडाणी बाई, तिला काय माहीत. पण विहिणीला हातानं श्वास देऊन जगवलं. आणि स्वतःहून चूक सांगितली, असं आज कोण सांगतं?” वृंदासुद्धा हळूहळू निवळली. एका संध्याकाळी माझ्या मनगटांना तेल चोळून दिलं. त्या दिवसापासून दुखायची ती. म्हणाली, “आई, तुम्ही सांगितलंत म्हणून ती वाचली.” मी ऐकून घेतलं. गोड वाटलं, खोटं कशाला बोलू.

कार्तिकात कुमुदताई विश्रांतीला आमच्याकडेच आल्या. काठी घेऊन चालायच्या. आवाज परत आला होता, पण तो पूर्वीचा नव्हता, किसणीवर घासल्यासारखा. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, “द्वारकाबाई, मला पडवीत बसवा. आणि तुम्हीही बसा.”

बसले.

“त्या दवाखान्याच्या मागे शाळा आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्या लक्षात आलं नसेल. मला डोळे उघडता येत नव्हते. घंटा तेवढी ऐकू यायची. तीस वर्षं ऐकलीय मी, कुठल्या तासाची आहे ते मला सांगावं लागत नाही. तुम्ही माझ्याशी बोललात ना, चाळीस डब्यांचं, तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती. पहिला तास नुकता सुरू झालेला.”

मी त्यांची घसरलेली शाल सारखी केली.

“मला वाटलं, आता ही उठेल आणि सांगेल. तुम्ही उठलातही. दुसऱ्या तासाची घंटा झाली. मला वाटलं, डॉक्टर कामात असतील. तिसरी झाली. मधली सुट्टी झाली, पोरं ओरडत होती. मग परत तास. छातीवर कोणी बसल्यासारखं होत होतं. प्रत्येक घंटेला मी म्हणायचे, आता सांगतील. सुहास आला, घरी न्या म्हणाला, तेव्हा शाळा सुटली होती.”

“सांगितलं ना पण,” मी म्हटलं. “शेवटी सांगितलं.”

“हो,” त्या म्हणाल्या. “माझा अंगठा हलल्यावर.”

अंगणात कोंबडी माती उकरत होती. मी तिच्याकडे बघत राहिले.

“डब्याचं मी केव्हाच सोडून दिलं,” कुमुदताई म्हणाल्या. “तुम्हाला माहीत नव्हतं. मुलं चुकतात, बायका चुकतात. पण ते तास माझ्याजवळ आहेत, ते मला कुठं ठेवू कळत नाही. वृंदाला मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. माझं काम नाही ते.”

मी उठले. आत वृंदा वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बसले असते तर बोलता आलं नसतं, म्हणून उभ्यानंच सांगितलं. चाळीस डबे होते ते. तिच्या आईसाठी कोणता काढला ते. सकाळी दहाच्या सुमाराला खोलीत काय बोलले ते. डॉक्टरांच्या दारातून दोनदा परत आले ते. शेवंतीचा दंड धरला ते. सगळं.

वृंदाच्या हातात दिगूचा सदरा होता. तो तसाच राहिला.

“सकाळपासून चारपर्यंत,” ती म्हणाली. “एवढं कोणाला घाबरलात? पोलिसांना?”

“नाही.”

“गिऱ्हाईक जाईल म्हणून?”

“नाही.”

“मग?”

“तुला,” मी म्हटलं. “चैत्रात सहा बायांसमोर तू सांगितलं होतंस आणि मी ते हसण्यावारी नेलं होतं. तुझं खरं झालं असतं.”

तिनं सदऱ्याची घडी पुरी केली. बाह्या आत, मग मधोमध, मग परत मधोमध. वर ठेवली.

“पानं घेते,” ती म्हणाली. “जेवायला या.”

ह्याला एकोणीस वर्षं झाली. कुमुदताई त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. शेड आता वृंदा चालवते, दाबाचं मोठं यंत्र आणलंय, डब्यावर तारीख छापते. माझं सगळं तीच करते. वेळेवर औषध, वेळेवर जेवण, थंडीत पायांना शेक. पाहुण्यांसमोर “ह्यांना विचारते” म्हणते. कधी आवाज चढवला नाही, कधी उलटून बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून तिनं मला हाक मारलेली नाही. आतल्या खोलीतून मला काही सांगायचं असलं, तर ती हातातलं काम टाकते, चालत माझ्यापर्यंत येते, समोर उभी राहते, आणि मग बोलते.